पोटाकडची बाजू

डॉक्टरांनी थोरलीला सात उन्हाळ्यांत एकही प्रश्न विचारला नव्हता. बाहेरच्या माणसाला यात दुःख करण्यासारखं काय आहे ते कळणार नाही, म्हणून आधी ते सांगायला हवं.

हे डॉक्टर सुई टोचणारे नव्हेत. त्यांनी हयातभर कोळ्यांचा अभ्यास केला आणि निवृत्त झाल्यावर ‘सहापायी-आठपायी’ नावाचा एक ग्रुप फोनवर काढला. हौशी माणसं त्यावर आपापल्या बागेतल्या, गच्चीतल्या, न्हाणीघरातल्या किड्यांचे फोटो टाकायची आणि डॉक्टर दुपारचा चहा घेताना एकेकाला उत्तर द्यायचे. उत्तराच्या तऱ्हा दोनच. फोटो बघून कुतूहल चाळवलं तर ते प्रश्न विचारत. पानाच्या वर होता की खाली? हात लावल्यावर मेल्याचं सोंग घेतलं का? आणि कुतूहल चाळवलं नाही तर लिहीत, ‘छान.’ ग्रुपवर ‘छान’ मिळणं म्हणजे पाठीवर थाप मारून दारापर्यंत पोचवणं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. उघड कुणी बोलत नसे.

थोरलीकडे ‘छान’चा ढीग जमला होता.

तिच्या कामात खोट काढायला जागा नव्हती, हेच खरं दुखणं होतं. ती रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळा आणि हातात नाव-वेळ लिहून बाटलीला चिकटवायच्या पट्ट्या. पट्टी लावल्याशिवाय बाटली पुढे सरकवायची नाही, ही सवय हाडीमाशी खिळलेली. त्यामुळे तिच्या फोटोखाली सगळं असायचं. किड्याचं कुळ, जात, नर की मादी, कुठल्या झाडावर, कुठल्या वेळी, उन्हात की सावलीत. फोटोही असा लख्ख की किड्याच्या मिशीवरची लव मोजून घ्यावी. आणि खाली डॉक्टरांचं ‘छान.’

“तू प्रश्नाला जागा कुठे ठेवतेस?” नवरा एकदा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाला होता. “सगळं तूच सांगून टाकतेस. त्यांनी बिचाऱ्यांनी विचारायचं काय?”

“मग काय अर्धवट लिहू? मला नाही जमत तसं गबाळेपण,” ती म्हणाली आणि कपबश्या जरा जास्तच आवाज करत उचलल्या.

हे सगळं तिने सोसलंही असतं. पण गेल्या वर्षी धाकटीला या नादाला लावायची दुर्बुद्धी तिला स्वतःलाच झाली.

घर दोन भावांचं, दुमजली. खाली थोरली, वर तिची धाकटी जाऊ, मागे दोघींत मिळून एक बाग. धाकटी बँकेत खिडकीवर बसायची. दिवसभर माणसांशी बोलून तिचं तोंड दुखत नसावं, कारण घरी आल्यावर ती झाडांशीही बोलायची. थोरलीने आपली जुनी, फोनला चिमट्याने लावायची भिंगं तिला देऊन टाकली होती. हा बघ मावा, हा बघ माव्याला खाणारा ढालकिडा, कोळ्याचे पाय आठ, किड्याचे सहा, इथपासून शिकवलं होतं. शिकवताना थोरलीला फार बरं वाटलं होतं. त्या दिवसांची आठवण झाली की आता तिच्या कपाळाला आपोआप आठी पडायची.

कारण धाकटीने ग्रुपवर टाकलेला पहिलाच फोटो तिरका, निम्मा धूसर, आणि खाली लिहिलेलं: ‘हे कोण आहे? पाय मोजले तर सात भरले. एक हरवलाय की मीच चुकले?’ डॉक्टरांनी त्याला चार प्रश्न विचारले. चार. थोरलीने ते प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसून वाचले आणि त्या दुपारी एका बाटलीची पट्टी दुसरीला लावता लावता वाचली.

तेव्हापासून हे चालूच होतं. धाकटी टाकायची, ‘या सुरवंटाने मला बघून मान वर केली, रागावला असेल का?’ आणि डॉक्टर विचारायचे. धाकटी टाकायची, ‘ही माशी आहे असं ही स्वतःच म्हणतेय, मला नाही पटत,’ आणि डॉक्टर विचारायचे. बरं, धाकटी शेखी मिरवणारी असती तर तिला मनसोक्त नावं ठेवता आली असती. तीही सोय नव्हती. डॉक्टरांचा प्रश्न आला की ती दोन-दोन पायऱ्या सोडत खाली यायची आणि म्हणायची, “ताई, याचं उत्तर काय द्यायचं हो?” थोरली उत्तर सांगायची. धाकटी ते डॉक्टरांना कळवायची. डॉक्टर धाकटीला लिहायचे, ‘उत्तम निरीक्षण.’ जीव जळायचा नाही तर काय.

यंदाचा उन्हाळा नुकता लागला होता. सावलीत अजून बरं वाटायचं, पण किड्यांची घाई सुरू झाली होती. गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा चढला होता आणि मुंग्या त्याच्या राखणीला बसल्या होत्या. एका कुंभारीण माशीने बागेतल्या दिव्याच्या बटणाशेजारी मातीचं घर बांधायला काढलं होतं, त्यामुळे तो दिवा कुणी लावायचा नाही असं दोन्ही मजल्यांवर ठरलं होतं. सुट्टीच्या सकाळी थोरली स्वयंपाकघरात कॅमेऱ्याला नवा गोल दिवा बसवून बघत होती. चाचणीला समोर काहीतरी हवं होतं, आणि खिडकीच्या काचेवर बाहेरच्या बाजूने एक कोळी बसला होता. नखाएवढा, करडा, चपटा.

आतून त्याचं पोट दिसत होतं. थोरलीने डावा डोळा मिटला, श्वास रोखला आणि चार-पाच फोटो काढले. मग कॅमेऱ्यावरून नजर वर केली तर काचेपलीकडे धाकटी. उलट्या बादलीवर चढलेली, फोन कोळ्यापासून बोटभर लांब धरलेला, तोंड उघडं. बाहेर लख्ख ऊन आणि आत काळोख, तेव्हा तिला आतलं काही दिसत नसणार. एकाच कोळ्याच्या दोन बाजूंना दोघी जावा उभ्या होत्या आणि मध्ये काच होती. थोरलीने काही हाक मारली नाही. ती मागे सरकली आणि चहाच्या भांड्याखालचा गॅस बारीक केला.

थोड्या वेळाने धाकटी आत आलीच. “ताई, हा बघा ना. हा कोणता?”

थोरलीने फोनकडे पाहिलं. खरं सांगायचं तर पुरतं पाहिलं नाही. “भिंतीवरचा साधा. घरोघरी असतो.”

“पण याच्या पाठीवर ही फिकट रेघ...”

“असते कधीकधी. टाकू नकोस हा, लोक हसतील.”

“बरं,” धाकटी म्हणाली आणि फोन बाजूला ठेवून चहा प्यायली.

शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती, हे थोरलीला तेव्हाच कळलं होतं. पण बोलून झाल्यावर जरा गार वाटलं, हेही खोटं नाही.

धाकटीने दोन दिवस धीर धरला. तिसऱ्या दिवशी फोटो ग्रुपवर. ‘हा साधा आहे असं कळलंय. पण मला रोज त्याची आठवण येते, म्हणून टाकते.’ थोरलीचं नाव तिने घातलं नव्हतं. डॉक्टरांनी त्या दुपारी चहा गार होऊ दिला असावा. प्रश्नांमागून प्रश्न. काच सकाळच्या उन्हाची की दुपारच्या? हालताना सरळ जात होता की खेकड्यासारखा आडवा? मागे धागा सोडत होता का? आणि शेवटी: ‘अशा दिसणाऱ्या दोन जाती आहेत. एक घरोघरी सापडते. दुसरी या भागात कुणी पाहिल्याची नोंद नाही. पाठीकडून दोघी जुळ्या बहिणी. पोटाकडची बाजू दिसली तरच सांगता येईल. तसा फोटो आहे का? मी इथल्या कोळ्यांची यादी छापायला देतो आहे. ही दुसरी जात निघाली तर शोधणाऱ्याच्या नावासह घालू.’

धाकटीने रडक्या तोंडाचं चित्र टाकून लिहिलं, ‘नाही हो. मी बाहेर होते, पोट आतल्या बाजूला होतं.’

थोरली घरी आली ती चपला न काढता कॅमेऱ्याकडे गेली.

मादी कोळीण वयात आली की पोटाच्या पुढच्या भागावर एक बारीक तपकिरी खूण उमटते. जातीगणिक तिचा आकार वेगळा, कुलपागणिक किल्लीचं भोक वेगळं असावं तसा. चाचणीचे पहिले तीन फोटो वाया गेले होते. चौथ्यात ती खूण अशी स्वच्छ आली होती की थोरलीलाच आपल्या हाताचं कौतुक वाटलं. डॉक्टरांनी मागे ग्रुपवर टाकलेली दोन्ही जातींची चित्रं काढून तिने शेजारी धरली. एकदा पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दुसरीच होती. कुणी न पाहिलेली.

तिचा पहिला विचार तिला शोभणारा होता. पळत वर जावं आणि दाखवावं. तो विचार जिन्यापर्यंतही टिकला नाही. दाखवायचं म्हणजे आधी हे कबूल करायचं की सात उन्हाळे घालवलेल्या बाईने या कोळिणीला साधी म्हणून हाकललं आणि कालच्या पोरीने तिची आठवण काढली. आणि एवढं करून छापून कुणाचं नाव येणार? शोधणारीचं. शोधली कुणी? बादलीवर चढलेलीने.

मग आपल्याच नावाने टाकावा का? तसाही विचार झाला. पण फोटोच्या एका कोपऱ्यात, कोळिणीच्या पायांमागे, धाकटीच्या अबोली ओढणीचा डाग होता. कोपरा कापता आला असता. वेळ आणि जागा न लिहिताही टाकता आला असता, पण पट्टीशिवाय बाटली पुढे सरकवणं तिच्या हातून होईना. माणसाची सचोटी कुठे आडवी येईल सांगता येत नाही. चोरीही करवेना आणि देववेनाही.

पुढचे काही दिवस धाकटी कामावर जायच्या आधी बाग पालथी घालू लागली. कुंड्या उचलून बघायची, खिडकीच्या चौकटीत फुंकर मारून बघायची. एक गोम आणि पुष्कळ गोगलगाई सापडल्या. कोळीण काही नाही. थोरली ओट्याशी उभी राहून हे काचेतून बघायची आणि तिला वाटायचं, शोध, शोध, माझ्याकडे आहे. यात सुख होतं. पण ते खाल्लेल्या अन्नासारखं अंगी लागत नव्हतं.

“ताई, तुम्हाला दिसली का हो परत?”

“नाही,” थोरली म्हणायची. शब्दशः खरं होतं ते. परत दिसली नव्हती.

नवऱ्याला वास लागला होता. “तुझं काही बिनसलंय का धाकटीशी?” त्याने विचारलं.

“माझं कुणाशी काय बिनसायचंय?”

“नाही, तू कणीक अशी तिंबतेस की तिने तुझं काही वाईट केलंय.”

“तुम्ही तुमचं वर्तमानपत्र वाचा,” ती म्हणाली, आणि त्याने ते वाचलं.

मग डॉक्टरांनी ग्रुपवर एक ओळ टाकली. ‘या उन्हाळ्यातला सर्वांत महत्त्वाचा फोटो आपल्या बँकेतल्या मैत्रिणीचा. अर्धाच असला तरी.’ खाली टाळ्यांची रांग लागली. सगळ्यांनी टाळी वाजवली तेव्हा थोरलीलाही वाजवावी लागली. जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडा ठेवून, तिने तो पिवळा पंजा दाबला आणि तिच्या अंगाचा असा तिळपापड झाला की तिने डबा तसाच बंद केला. सर्वांत महत्त्वाचा. अर्धाच असला तरी. आणि आपला अख्खा, स्वच्छ, पट्टीसकट तयार असलेला मात्र घरी कपाटात. तो जगासमोर आला तर काय होईल? धाकटीचा फोटो पुरा होईल, एवढंच. आपला फोटो तिच्या फोटोचं शेपूट होईल.

संध्याकाळी तिने कॅमेरा काढला, चौथा फोटो पडद्यावर आणला आणि पुसायचं बटण दाबलं. कॅमेऱ्याने खात्री करून घेतली. तिने ‘हो’ दाबलं. पुसलेलं पुढे कुणाला परत काढता येऊ नये म्हणून ते सगळं कार्डच कोरं करून टाकलं आणि त्यावर परसातल्या दोरीचे, कुंडीचे, रिकाम्या आकाशाचे भारंभार फोटो काढले, कार्ड भरेपर्यंत. ती प्रयोगशाळेतली बाई होती. पुसायचं तर निर्जंतुक पुसायचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती भाजी निवडत बसली होती तेव्हा जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. धाकटी आत आली ती हसतच. फोन पुढे धरलेला.

“ताई, हे बघा. तुम्ही काय दिसताय.”

पडद्यावर तीच कोळीण होती, पाठीकडून. धाकटीने बोटांनी चित्र ताणलं. कोळीण पडद्याबाहेर गेली आणि मागची काळी काच मोठी होत गेली. काळोखात एक गोल दिवा. दिव्याच्या वर थोरलीचा चेहरा. डावा डोळा गच्च मिटलेला आणि जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर, लहान पोर चित्र रंगवताना काढतं तसं.

“मी आत्ता डॉक्टरांसाठी पाठीवरची रेघ मोठी करून बघत होते, तर तुम्ही,” धाकटी म्हणाली. “म्हणजे तुम्ही त्याच क्षणी आतून काढत होतात. पोटाकडून. मला आधी कसं सुचलं नाही? तुम्ही विसरलाही असाल, साधी म्हणून.”

थोरलीच्या हातात भाजीची काडी तशीच राहिली.

“मी डॉक्टरांना कळवूनही टाकलं,” धाकटी पुढे म्हणाली. “ग्रुपवरच लिहिलं की पोटाकडचा फोटो आमच्या ताईंकडे आहे. आणि हेही लिहिलं की मला सगळं त्यांनीच शिकवलंय, तेव्हा नाव त्यांचं आधी लावा. ते म्हणाले, दोघींची लावू, पण आधी फोटो पाठवायला सांगा. काढा ना ताई कॅमेरा.”

“तो नीट आला नव्हता,” थोरली म्हणाली.

“चालेल. ते म्हणालेत, धूसर असला तरी चालेल.”

खिडकीबाहेर कुंभारीण माशी आपल्या घरात चिखलाची गोळी ठेवून परत उडाली. थोरलीला वाटलं, आता कुणीतरी यावं, दूध उतू जावं, फोन वाजावा. तसं काही झालं नाही. धाकटी समोर उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर संशयाचा लवलेश नव्हता. याचा थोरलीला शेवटचा एकदा राग आला.

“पुसला,” ती म्हणाली.

“अरे.” धाकटी खुर्चीवर टेकली. “चुकून?”

ही वाट धाकटीने स्वतः उघडून दिली होती. तिथून सहज निघता आलं असतं. थोरलीने समोर ठेवलेल्या फोनकडे पाहिलं. त्यात ती स्वतः होती, जीभ बाहेर काढून, जगातलं दुसरं काही न बघणारी. ती बाई तिला ओळखीची वाटली आणि फार दिवसांनी भेटल्यासारखीही.

“नाही,” ती म्हणाली. “चुकून नाही.”

“मग?”

“कुठली जात आहे ते बघितलं. तीच होती, दुसरी. मग काल पुसला.”

धाकटीला समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं, आणि ते तिच्या चेहऱ्यावरून कसं उतरत गेलं ते थोरलीने सगळं पाहिलं, कारण बारीक बघायची तिला सवयच होती.

“रोज सकाळी मी कुंड्या उचलत होते,” धाकटी हळू म्हणाली. “तुम्ही इथून बघत होतात.”

“हो.”

“मला सांगायचं होतंत ना, ताई. मी माझं नाव काढून टाकलं असतं.”

हे ऐकण्यापेक्षा तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. पण धाकटी उठली. फोन उचलून ओढणीने उगाच पुसला. “डॉक्टर वाट बघतायत. ते तुम्हीच कळवा. मला नाही जमायचं,” ती म्हणाली आणि वर गेली. या वेळी एकेक पायरी चढत.

थोरलीने हात धुतले. स्वतःचा फोन घेतला, ग्रुप उघडला. धाकटीने लिहिलेलं तिथे होतं, नाव त्यांचं आधी लावा, हेही होतं, आणि खाली तिच्यासाठी टाळ्यांची रांग. सात वर्षांत तिला एवढ्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या. तिने लिहायला सुरुवात केली. काच, उजेड, गोल दिवा, कार्ड, सगळं लिहिलं, आणि मग ते सगळं काढून टाकलं. उरलं ते एवढंच: ‘पोटाकडचा फोटो माझ्याकडे होता. जात दुसरीच होती. तो फोटो मी मुद्दाम पुसला.’

पाठवून ती ओट्याशी उभी राहिली. डॉक्टरांच्या चहाची वेळ केव्हाच टळून गेली होती, तेव्हा उत्तर उद्याच येईल असं तिने धरलं होतं. पण फोन लगेच वाजला. डॉक्टरांनी एकच शब्द लिहिला होता.

‘का?’

सात उन्हाळ्यांत त्यांनी तिला विचारलेला हा पहिला प्रश्न होता, आणि याचं उत्तर तिला नावानिशी, जागेनिशी, वेळेनिशी ठाऊक होतं. वरच्या मजल्यावर धाकटीचाही फोन वाजलेला तिला ऐकू आला. ती स्टुलावर बसली आणि लिहू लागली.